मदत हवी आहे: 'नोना-के'च्या आटे पाडलेल्या नळीबद्दल

नमस्कार मंडळी,
सोव्हिएत बनावटीच्या २बी१६ 'नोना-के' या ओढून नेण्याच्या १२० मिमी तोफेवर लेख लिहितोय. १९८० च्या दशकात विमानातून उतरवल्या जाणाऱ्या सैन्य तुकड्यांसाठी ती आली. वजन साधारण १२०० किलो, म्हणजे हलक्या गाडीमागेही जाते. नळी उणे १० पासून ८० अंशांपर्यंत वर-खाली फिरते, त्यामुळे समोरचं लक्ष्यही टिपता येतं आणि टेकडीआडचंही. मला तर हीच तिची खरी कमाल वाटते!

गोळ्याभोवतीच्या पट्ट्यावर खाचा आधीच कोरलेल्या असतात. गोळा भरताना त्या नळीतल्या आट्यांशी (आतल्या बाजूच्या पिळदार खाचांशी) जुळवाव्या लागतात, म्हणून कमी दाबातही त्याला फिरकी मिळते. इथवर समजलं.

अडलंय ते पुढे. हीच नळी शेपटीवर पंख असलेले साधे उखळी बॉम्बही डागते. त्यांना तर फिरकी नकोच असते. मग आट्यांमधून वायू निसटून पल्ल्यावर आणि अचूकतेवर किती परिणाम होतो? देवळालीला तोफखान्याचं शिक्षण घेतलेलं किंवा उखळी तोफा हाताळलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर सांगा. नळीच्या छेदाची आकृती असल्यास फारच उत्तम.