सोलर हीटर, इंडक्शन की ई-कार: पैसे आधी कशात घालावेत?

वारणाकाठ
सांगलीत स्वतःचं घर आहे. वर गच्ची मोकळी, घरात चार माणसं, महिन्याला २८० ते ३०० युनिट वीज लागते. पाणी बोअरचं आणि चांगलंच जड, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. आंघोळीला १५ लिटरचा गिझर आहे. वर्षाला साधारण ८ सिलिंडर लागतात आणि पेट्रोल गाडी जेमतेम ६,००० किलोमीटर पळते. सोलर वॉटर हीटर, ३ किलोवॅटचे पॅनल, इंडक्शन शेगडी, ई-कार असं सगळं डोक्यात आहे, पण एकदम जमणार नाही. बिल किती वाचेल हे दुकानदार सांगतात. धूर खरंच किती कमी होईल ते कळत नाही. क्रम कसा लावावा?

तारतंत्री
आधी एक आकडा लक्षात ठेवा. आपल्या ग्रिडची, म्हणजे सगळीकडे पसरलेल्या वीजजाळ्याची, वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वाटेतली गळती धरली की तुमच्या मीटरपाशी तो ०.८ च्या आसपास येतो. पुढचे सगळे हिशोब या ०.८ वर उभे आहेत.

आता इंडक्शन. ८ सिलिंडर म्हणजे ११३ किलोच्या वर गॅस. एक किलो एलपीजी जळला की ३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वर्षाला ३४० किलो. शुद्धीकरण आणि वाहतूक धरा, ३९० म्हणू. गॅसच्या शेगडीची उष्णता भांड्याला ६० टक्के लागते आणि इंडक्शनची ८५ टक्के, असं धरलं तर तेवढ्याच स्वयंपाकाला वर्षाला १,००० युनिट लागतील. गुणिले ०.८ केले की ८०० किलो. म्हणजे ग्रिडच्या विजेवर इंडक्शन गॅसच्या दुप्पट धूर सोडतं, फक्त तो तुमच्या स्वयंपाकघराऐवजी परळीच्या किंवा कोराडीच्या वीजकेंद्रात निघतो. घरातली हवा स्वच्छ राहते हा फायदा खरा आहे, तो कुणी नाकारू नये. पण हवामानासाठी म्हणून इंडक्शन घेत असाल तर आत्ता थांबा.

पंख्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळ्यात स्वस्त बचत तिथेच आहे. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास चालला तर एका पंख्यामागे अर्धा युनिट वाचतो. बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढून टाका. तो मध्ये राहिला की पंखा गुरगुरतो आणि आतलं कार्ड लवकर जातं. मग लोक पंख्याच्या नावाने खडे फोडतात.

नळजोड
जड पाणी आहे म्हणून हीटरबद्दल सविस्तर लिहितो.

फ्लॅट प्लेट प्रकारात पाणी तांब्याच्या बारीक नळ्यांतून फिरतं. पाणी ६० अंशांच्या वर गेलं की क्षार भराभर बाहेर पडतात आणि त्या नळ्या दोन-तीन वर्षांत चोंदतात. तुमच्या पाण्याला एक तर काचेच्या नळ्यांचा हीटर घ्या, नाहीतर हीट एक्स्चेंजर असलेला फ्लॅट प्लेट, म्हणजे ज्याच्या बारीक नळ्यांत वेगळंच द्रव फिरतं आणि तुमचं पाणी बाहेरून तापतं. चौघांना १५० लिटर पुरतो. तोंड दक्षिणेला, कल ३० अंशांच्या आसपास. आपल्याकडे गरम पाण्याची खरी गरज थंडीत असते, म्हणून कल अक्षांशापेक्षा १०-१२ अंश जास्त ठेवतात.

काचेच्या नळ्यांतही क्षार साचतात, पण तळाशी बसतात आणि काढता येतात. वर्षा-दोन वर्षांनी टाकी रिकामी करा, रबरी रिंगला साबणाचं पाणी लावा आणि नळी पिळत पिळत ओढून काढा. हे काम सूर्य उगवायच्या आत संपवून पाणी भरून टाका. रिकामी नळी उन्हात भयंकर तापते आणि तिच्यात गार पाणी पडलं की तडकते. नळ्या फुटल्याच्या बऱ्याच तक्रारी याच कारणाने येतात. दुपारी वरची टाकी संपते, संध्याकाळी मोटर लावली जाते, काच जाते. थर काढायला लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून काही तास ठेवा. बाथरूमचं हायड्रोक्लोरिक ॲसिड अजिबात नको, स्टीलच्या टाकीला बारीक भोकं पडतात.

आता खरी गोम. टाकीतच बसवलेली विजेची कॉइल, म्हणजे 'बॅकअप'. थर्मोस्टॅट ६० वर ठेवून ती कायम चालू राहिली तर रात्रभर अख्खी टाकी विजेवर तापते. १५० लिटर पाणी ३५ वरून ६० अंशांवर न्यायला चार युनिटच्या वर लागतात. सकाळी सूर्य येतो तेव्हा पाणी आधीच गरम, मग तो तापवणार काय? छतावर सोलर आणि बिल मात्र जैसे थे, असं कुणी म्हणालं की आधी ही कॉइल तपासायची. बॅकअप टाकीत नकोच. सोलरची लाइन तुमच्या सध्याच्या गिझरमधून न्या. पाणी गरम आलं तर गिझर लागतच नाही, ढगाळ दिवशी फक्त १५ लिटर तापतात.

पाइप आखूड ठेवा आणि त्यावर इन्सुलेशन चढवा. पाऊण इंची पाइप २० मीटर असेल तर गरम पाणी यायच्या आधी पाच लिटर गार पाणी वाया जातं.

वारणाकाठ
कॉइलचं माहीतच नव्हतं, आभार. पण तारतंत्री, पॅनल बसवले तर इंडक्शन आणि ई-कार दोन्ही सोलरवरच चालतील ना? मग ०.८ चा प्रश्न कुठे येतो?

मीटरमागे
इथेच बहुतेक जणांचा हिशोब दोनदा होतो.

३ किलोवॅटचे पॅनल दिवसाला सरासरी १२ युनिट देतात. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, जागा ३०० चौरस फूट लागते. पॅनल बनवताना जेवढी ऊर्जा लागली तेवढी ते आपल्या उन्हात एक-दोन वर्षांत परत देतात. पॅनल चांगलेच, पहिल्या दोन खर्चांत त्यांना घ्या. टाकीची किंवा नारळाची सावली मात्र एका पॅनलवरही पडू देऊ नका. ओळीतला एक दबला की बाकीच्यांचंही उत्पादन घसरतं. आणि वीज गेली की साधा ऑन-ग्रिड (बॅटरीशिवाय थेट वीजजाळ्याला जोडलेला) इन्व्हर्टर बंद होतो, ऊन कितीही असो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती सोय आहे, बिघाड नव्हे.

पण छतावरचं युनिट तुम्ही वापरलं नाहीत तर ते नेट मीटरमधून (आलेली आणि गेलेली दोन्ही वीज मोजणारं मीटर) शेजाऱ्याकडे जातं आणि तिथे कोळशाचं एक युनिट वाचवतं. तेच गाडीत घातलं तर शेजाऱ्याला पुन्हा कोळशाचं. म्हणजे पॅनलचं पुण्य पॅनलच्या खात्यावर, गाडीचा खर्च गाडीच्या. फक्त गाडीसाठी म्हणून जास्तीचे पॅनल बसवलेत तर गोष्ट वेगळी.

गाडीचं खातं मांडू. छोटी ई-कार १०० किलोमीटरला बॅटरीतून १३ युनिट घेते, चार्जिंगची गळती धरून मीटरवर १५. म्हणजे १२ किलो. लिटरला १६ देणारी पेट्रोल गाडी सव्वासहा लिटर पिते: गाडीच्या धुराच्या नळीतून साडेचौदा, तेलाचं शुद्धीकरण धरून १७ किलो. फरक ५ किलोचा. ३० किलोवॅट-अवरची (म्हणजे ३० युनिट साठवणारी) बॅटरी बनवताना साधारण अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो. तो फिटायला ५०,००० किलोमीटर. तुमच्या ६,००० च्या हिशोबाने आठ वर्षं! रोज ६० किलोमीटर पळणाऱ्याला तेच अडीच वर्षांत फिटतं. तुमची सध्याची गाडी धड असेल तर ती चालवत राहा.

तारतंत्री
मीटरमागे यांच्याशी सहमत, एक पुरवणी. ग्रिड दरवर्षी थोडी थोडी स्वच्छ होईल, तसा ई-कारचा आणि इंडक्शनचाही आकडा सुधारेल. पेट्रोलचा सुधारणार नाही. म्हणून 'आत्ता नको' याचा अर्थ 'कधीच नको' असा घेऊ नका.

गिझरबद्दल: चौघं बादलीने आंघोळ करत असतील तर दिवसाला दीड युनिटच जातो, शॉवर असेल तर तीन. बादलीवाल्या घरात सोलर हीटरपेक्षा तेच पैसे पॅनलला द्यावेत असं माझं मत. नळजोड चिडतील.

नळजोड
चिडत नाही. शॉवर असेल तर हीटर, नसेल तर तुमचं बरोबर. फक्त मग गिझरचा मॅग्नेशियम रॉड दर वर्षी बघा. जड पाण्यात तो लवकर संपतो, आणि संपला की टाकी गंजते.

वारणाकाठ
बादलीच आहे. म्हणजे पंखे, मग पॅनल, गाडी नंतर. पॅनलबरोबर वायरिंग नव्याने होईलच, तेव्हा पुढच्या गाडीसाठी आत्ताच काय टाकून ठेवू?

मीटरमागे
मीटरपासून पार्किंगपर्यंत वेगळी लाइन, ६ चौरस मिलिमीटर तांब्याची. अंतर जास्त असेल तर १०. आत्ता ३.३ किलोवॅटच्या चार्जरला २० अँपिअर एमसीबी (जादा भार आला की बंद होणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअर, टाइप ए आरसीसीबी (करंट गळून शॉक बसू लागला की लाइन तोडणारा स्विच) लावा. ७.२ किलोवॅटचा घेतलात तर ३२ अँपिअर सलग ओढेल, तेव्हा एमसीबी ४० ची करून मंजूर भारही वाढवून घ्यावा लागेल. साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर आठ तास १५ अँपिअर ओढले की पिन काळ्या पडतात, त्यामुळे औद्योगिक सॉकेट लावा. अर्थिंग स्वतंत्र घ्या आणि रोध ५ ओहमच्या आत आहे का ते मोजून घ्या. अर्थिंग कच्चं असेल तर बरेच पोर्टेबल चार्जर लाल दिवा लावून चार्जिंग सुरूच करत नाहीत.