मदत हवी आहे: लझानियाचे थर उभे राहत नाहीत, आणि बाहेर मनासारखा मिळत नाही

नमस्कार मंडळी,

काही वर्षांपूर्वी दोन दिवस इटलीतल्या बोलोन्यात होते. एका छोट्या खाणावळीत समोर लझानियाचा चौकोन आला, जेमतेम तळहाताएवढा. पास्त्याची पानं हिरवी होती, कारण पिठातच पालक मळलेला होता. पानं इतकी पातळ की मी काट्याने कड उचलून थर मोजले. सात भरले! चीजच्या तारा नाहीत, ताटभर पसरलेला सॉस नाही. प्रत्येक घासात पास्ता, खिमा आणि व्हाइट सॉस एकत्र लागत होते आणि वरची कड कुरकुरीत भाजलेली. तो घास अजून जिभेवर आहे.

तेव्हापासून जिथे जाईन तिथे मेन्यूत लझानिया दिसला की मागवते. बहुतेक वेळा खोलगट भांड्यात तीन जाड शीट, त्यावर आंबट टोमॅटो सॉस आणि सगळं झाकून टाकणारं वितळलेलं चीज येतं. पहिले दोन घास बरे लागतात, मग चीज थिजतं आणि पुढे खाववत नाही. एकदा कडा चटका बसेल इतक्या गरम आणि मधला भाग गार होता.

म्हणून घरी करायला घेतला. आतापर्यंत चार वेळा.

पहिल्यांदा कापताक्षणी सगळं वाहून गेलं. ताजं मोझरेला घातलं होतं, ट्रेच्या तळाशी पाण्याचं तळं झालं. दुसऱ्यांदा घाबरून सॉस खूप आटवला आणि न उकडता वापरायच्या शीट घेतल्या, तर पास्ता चामड्यासारखा झाला. तिसऱ्यांदा बेशामेल (म्हणजे तो व्हाइट सॉस) बिघडलं: ५०० मिली दुधाला ६० ग्रॅम लोणी आणि ६० ग्रॅम मैदा. पसरवेपर्यंत त्याचा गोळा झाला. चौथा चवीला खरंच चांगला होता, पण तुकडा ताटात घेतला की थर घसरून आडवे होत होते.

पुढच्या महिन्यात आईचा सत्तरावा वाढदिवस आहे. ती मांस खात नाही, अंडं चालतं. त्या दिवशी तिला नीट उभा राहणारा तुकडा वाढायचा आहे. तर सांगा: चूक नेमकी कुठे होतेय? मशरूमचा केला तर पाणी कसं आवरायचं? आणि बाहेर खायचा झाला तर चांगली जागा आधीच कशी ओळखायची?

प्रतिसाद १

ताई, चौथ्या वेळेला ओव्हनमधून काढल्यावर किती वेळ थांबलात? माझी पैज आहे की लगेच कापला असणार. गरम असताना बेशामेल पातळच असतं. १५ ते २० मिनिटं तसाच राहू द्या, तेवढ्यात स्टार्च आणि चीज धरतात. कार्यक्रमाला करायचा असेल तर आदल्या दिवशी भाजून फ्रीजमध्ये ठेवा, गार असतानाच चौकोन कापा आणि मग झाकून ओव्हनमध्ये गरम करा. कडा धारदार येतात, चवही मुरते.

बेशामेलला १ लिटर दूध, ८० ग्रॅम लोणी, ८० ग्रॅम मैदा, चिमूटभर जायफळ. डावातून संथ ओघळलं पाहिजे. गोळा होईल इतकं घट्ट नकोच, ते ओव्हनमध्ये आणखी आळतं.

प्रतिसाद २

तुम्ही खाल्लात त्यात मोझरेला नव्हतंच. बोलोन्याच्या लझानियात पालकाची पानं, रागू (खिम्याचा सॉस), बेशामेल आणि पार्मिजानो हे कडक चीज, एवढंच. दक्षिण इटलीतल्या नेपल्सचा प्रकार निराळा: रिकोटा (मऊ, पनीरसारखं ताजं चीज), मोझरेला, छोटे मांसाचे गोळे, उकडलेली अंडी. तिथे तो कार्निव्हलच्या दिवसांत होतो आणि तो भरगच्चच असायला हवा. बाहेर मिळणारा चीजभरला लझानिया या दक्षिणेकडच्या प्रकाराच्या जवळचा आहे. त्यामुळे हॉटेलला फोन करून 'लझानिया चांगला आहे का' असं विचारू नका, त्यात बेशामेल असतं की रिकोटा ते विचारा. शीट तिथेच लाटतात का, मोठ्या ट्रेमध्ये भाजून कापतात का, हेही विचारा. ज्याला ही उत्तरं पटकन देता येतात त्याच्याकडे जायला हरकत नाही. आणि आधी भाजून ठेवलेला तुकडा पुन्हा गरम करून दिला तर तो दोष मानू नका. फक्त तो ओव्हनमध्ये गरम केलेला हवा.

आईंसाठी एक गोष्ट मात्र तपासा. अस्सल पार्मिजानो रेज्जानोमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारं विरजणासारखं द्रव्य) असतं. शाकाहारी रेनेटचं दुसरं कडक चीज घ्या आणि स्वतः किसा. किसून पाकिटात भरलेल्या चीजला चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, ते नीट वितळत नाही.

प्रतिसाद ३

मशरूम बारीक चिरून, मीठ न घालता, पसरट कढईत मोठ्या आचेवर घ्या. आधी खूप पाणी सुटेल. ते पूर्ण आटून मशरूम तपकिरी होईपर्यंत बाकी काही घालू नका. मग कांदा, गाजर, सेलेरी परतून त्यात मिसळा, थोडी टोमॅटो पेस्ट घाला आणि मंद आचेवर पाऊण तास ठेवा. कढईच्या तळावरून उलथणं ओढल्यावर वाट क्षणभर तशीच राहिली की झालं.

न उकडता वापरायच्या शीटला पाणी सॉसमधूनच मिळतं. तुम्ही सॉस आटवलात आणि शीटही त्याच घेतल्यात, म्हणून चामडं झालं. ताजा पास्ता जमत असेल तर १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं. पालक घालणार असाल तर तो उकडून कोरडा पिळा आणि अंडं थोडं कमी करा. पलीकडचा हात दिसेल इतकं पातळ लाटा, मिनिटभर उकळा, गार पाण्यातून काढून कापडावर पसरा. ओलं पान कधीच रचू नका, थर तिथूनच घसरतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! पहिल्या प्रतिसादातली पैज बरोबर आहे, पाच मिनिटंही थांबले नव्हते. आणि पानं न पुसताच रचली होती.

काल अर्ध्या ट्रेचा करून पाहिला. मशरूमला आटायला पंचवीस मिनिटं लागली, मी दहा धरली होती. सहा थर, प्रत्येकात सॉस अगदी थोडा, १८० अंशांवर ४० मिनिटं, मग वीस मिनिटं हात लावला नाही. तुकडा उभा राहिला! आईने कोपऱ्याचा मागून घेतला, तिला कुरकुरीत कड आवडली.

आता एकच अडचण. दहा माणसांसाठी दोन ट्रे एकाच वेळी ओव्हनमध्ये ठेवले तर खालच्याचा वरचा थर भाजेल का, की मध्येच जागा बदलायची? कुणी केलं असेल तर सांगा.