पहिली दुर्बीण: ७० मिमी भिंगाची की ११४ मिमी आरशाची?

अवकाशवेडी:
नमस्कार. लेक अकरा वर्षांची आहे, शनीची कडी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचीत म्हणून मागे लागलीय. दोन दुर्बिणी हेरून ठेवल्यात. पहिली ७० मिमी भिंगाची, नाभीय अंतर (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं) ७०० मिमी, साधा वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा ट्रायपॉड. दुसरी ११४ मिमी आरशाची, नाभीय अंतर १०००, ईक्यू-१ माउंटवर (ताऱ्यांच्या चालीप्रमाणे तिरक्या अक्षावर फिरणारा छोटा स्टँड). हिच्या खोक्यावर ‘७५० पट’ असं छापलंय. घरच्यांचं मत दुसरीकडे, कारण सगळेच आकडे मोठे. बघणार इमारतीच्या गच्चीवरून, आजूबाजूला दिवे भरपूर. फोटोही काढता आले तर हवेत. काय घेऊ?

आरसेमहाल:
ताई, आमच्या खगोल मंडळाच्या दुर्बिणी जुळवून ठेवायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी ते ७५० पट. नाभीय अंतर १००० भागिले ४ मिमीची आयपीस (डोळा लावायचं भिंग) म्हणजे २५०, त्यावर तिप्पट करणारी बार्लो, म्हणजे आयपीसआधी लावायचं जादा भिंग. गणित बरोबर आहे, दिसणार मात्र काही नाही. हवा स्थिर असेल तर आरशाच्या मिलिमीटरच्या दुप्पट, म्हणजे ११४ मिमीला फार तर २२८ पट. त्यापुढे गुरूचा अंधूक, थरथरणारा गोळा. मोठा आकडा खोक्यावर मिरवणाऱ्या दुर्बिणीकडे मी मुळात संशयानेच बघतो.

आता नळीची लांबी बघा. नाभीय अंतर एक मीटर आणि नळी जेमतेम अर्धा मीटर असेल, तर फोकसरच्या (आयपीस पुढे-मागे करणाऱ्या भागाच्या) नळीत एक जादा भिंग बसवलेलं असतं. प्रतिमा आधीच मवाळ, आणि आरसे जुळवायला बसलात की ते भिंग मध्ये कडमडतं. नवशिक्याच्या हातात हा प्रकार देऊ नये.

पण माझा खरा आक्षेप त्या माउंटवर आहे. दुर्बीण शंभर पट मोठं दाखवते तेव्हा हादराही शंभर पट मोठा करते. दुकानात किंवा कोणाकडे बघायला मिळाली तर लांबच्या एखाद्या दिव्यावर रोखा, जास्त पटीची आयपीस लावा आणि नळीला हलकीच टिचकी मारा. चित्र सेकंद-दोन सेकंदांत थांबलं तर माउंट चांगला. पाच सेकंद डुलत राहिलं, तर फोकसच्या चाकाला हात लावला की ग्रह पळणार. ईक्यू-१ वर लांबलचक नाभीय अंतर ठेवलं की हेच होतं.

ईक्यू वाईट असतो असं नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. ईक्यूचा अक्ष ध्रुवाकडे लावला की एकच चाक फिरवून तारा पकडून ठेवता येतो. पण त्याआधी अक्षांश लावा, प्रतिवजन सरकवून तोल साधा, आणि आरशाची नळी असेल तर आयपीस भलत्याच बाजूला जाते म्हणून नळी धरणाऱ्या कड्या सैल करून नळी गोल फिरवा. तोवर मुलगी जांभया देत खाली गेलेली असेल.

तुमच्या यादीत नसलेली सुचवतो: १५० मिमी आरशाची डॉब्सोनियन (थोडक्यात डॉब), नाभीय अंतर १२००. जॉन डॉब्सन यांनी सॅन फ्रान्सिस्कोत रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवायला हा ढाचा लोकप्रिय केला. खाली प्लायवूडचं बैठं खोकं, त्यात तोफेसारखी नळी. ढकला आणि बघा. पैसा आरशात जातो, नटबोल्टात नाही. ७० मिमीच्या साडेचार पट प्रकाश गोळा होतो. २५ मिमी आयपीसने ४८ पट, तेवढ्यातही शनीची कडी ग्रहापासून सुटी दिसतात. १० मिमीने १२० पट. तिथे गुरू दीड-पावणेदोन मिनिटांत चौकटीतून पार होतो, म्हणून अधूनमधून नळीला बोट लावत राहायचं. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

आणि मार्च २०२५ मध्ये कडी आपल्याला अगदी कडेवरून दिसत होती. आता वर्षागणिक उघडत जातील, २०३२ पर्यंत. वेळ चांगली साधलीत.

दोन_डोळे_पुरे:
डॉबवाले सगळ्यांना डॉबच सांगतात! जिने चढून न्यायचीय हे कोणी विचारलंच नाही. १५० ची डॉब सगळी मिळून पंधरा किलोच्या वर जाते. ७० मिमी भिंगाची एका हातात उचलली जाते, आरसे जुळवायची भानगड नाही, आणि चंद्र व गुरूचे चार उपग्रह मजेत दिसतात. फक्त ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांबवू नका, खुर्चीत बसून बघा. हादरा बराच कमी होतो. जोडीला १०×५० ची (१० पट, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री, म्हणजे दोन डोळ्यांनी बघायची दुर्बीण. कृत्तिका त्यातच जास्त सुंदर दिसतात.

अवकाशवेडी:
जिना एकच मजला आहे, नळी आणि खोकं वेगवेगळं नेता येईल. पण गच्चीला कठडा कमरेच्या वर आहे. आणि फोटोंचं काय? शिवाय एका दुर्बिणीबरोबर आयपीसला लावायचा सूर्याचा फिल्टर मिळतोय.

आरसेमहाल:
दोन_डोळे_पुरे यांचं खुर्चीचं आणि द्विनेत्रीचं म्हणणं शंभर टक्के मान्य. जिना दोन-तीन मजल्यांचा असता तर मीही भिंगाचीच सांगितली असती.

कठड्यामुळे क्षितिजाजवळचं कापलं जाईल, कारण नळी आडवी झाली की तिचं तोंड खाली येतं. भक्कम, न डुगडुगणारं बुटकं स्टूल खाली घेतलंत तर थोडं भागेल. नाहीतर ग्रह वर येईपर्यंत थांबा. खाली असताना तो तसाही हवेमुळे उकळल्यासारखा थरथरत असतो. दिवसभर तापलेली गच्चीही रात्री बराच वेळ उष्णता सोडते. नळी अर्धा तास आधी बाहेर ठेवा, आरसा थंड होऊ द्या.

फोटो: फोन आयपीसवर धरून चंद्र छान येतो, ग्रहांचा छोटा व्हिडिओ घेता येतो. तेजोमेघांच्या लांब एक्स्पोजरला मोटर लावलेला भक्कम ईक्यू लागतो. ते काम ईक्यू-१ लाही झेपणार नाही, तेव्हा त्यासाठी ११४ ची घेऊ नका.

तो सूर्याचा फिल्टर कचऱ्यात टाका. आयपीसपाशी सगळी उष्णता एकवटते, काच तडकली तर डोळा जातो. सूर्य बघायचाच तर नळीच्या पुढच्या तोंडावर पूर्ण झाकणारा, घट्ट बसणारा फिल्टर, आणि फाइंडरला (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला) टोपण.