हील हुक: समोरचा दोन्ही हातांनी मनगट धरून बसतो, पकड सोडवायची कशी?

निळा_पट्टा:
ब्राझिलियन जिऊ-जित्सूत हील हुक (टाच पिळून गुडघ्यावर ताण आणायचा डाव) शिकतोय. नो-गीमध्ये, म्हणजे गी (जाड कोटासारखा गणवेश) न घालता, सॅडलपर्यंत (समोरच्याचा एक पाय माझ्या दोन्ही पायांत अडकवायची स्थिती) व्यवस्थित पोहोचतो, पुढे घोडं अडतं. टाचेखाली हात घातला रे घातला की समोरचा उठून बसतो, दोन्ही हातांनी माझं मनगट धरतो आणि सोडायचं नाव घेत नाही. ओढाताणीत माझेच हात भरून येतात आणि तेवढ्यात त्याचा गुडघा निसटतो. कोच ओरडतात, "ग्रिप तोड!" पण तोडायची कशी? जाणकारांनी सांगावं.

पायचीत:
आधी हे बघा की तो उठून बसतोच कसा. त्याचा दुसरा पाय मोकळा असणार. सॅडलमध्ये तो पाय मोकळा सोडून टाचेमागे लागणं म्हणजे दार सताड उघडं ठेवून खिडकीला कडी लावणं. आधी तो पाय काखेत घ्या, निदान घोट्याला तरी धरा.

मग खुशाल धरू दे मनगट. दोन्ही हात तिथे गुंतले की मॅटवर टेकायला त्याच्याकडे हातच उरत नाही. गुडघे आवळून ठेवा, कंबर पुढे रेटा आणि त्याला कुशीवर पाडा. तोल गेला की माणूस हात टेकतोच. तेवढ्या वेळात तुमच्या मनगटावर एकच हात असतो, टाच तेव्हा घ्यायची. नुसतं हाताशी हात भिडवत बसलात तर फायदा त्याचा, कारण त्याला फक्त वेळ काढायचाय.

मनगटवाला:
+१, पण हाताचं कामही यायला हवं. मनगट सरळ मागे खेचू नका. पकड कच्ची असते ती अंगठा आणि बोटं जिथे मिळतात तिथे. मनगटाची कड तिकडे वळवा, कोपर बरगडीला चिकटवा आणि हातापेक्षा अंग फिरवून सोडवा. मोकळ्या हाताने त्याचं मनगट खाली दाबून धरा. चिडून एखादं बोट मागे वाकवू नका, आयबीजेजेएफच्या (जिऊ-जित्सूच्या स्पर्धा भरवणारा महासंघ) नियमात तो फाऊल आहे.

आणखी एक. टाचेच्या आधी त्याच्या पायाची बोटं काखेखाली दाबून टाका. चवडा हलेनासा झाला की टाच लपवणं त्याला अवघड जातं आणि तुमच्या हाताला लांब जावं लागत नाही. तुमचा हात उघड्यावर फिरतो म्हणून तर त्याला मनगट सापडतं.

जुना_गुडघा:
निळा पट्टा असेल तर आयबीजेजेएफच्या स्पर्धेत हे चालणार नाही बरं का. २०२१ पासून नो-गीत हील हुकला परवानगी मिळाली, ती ॲडल्ट गटातल्या ब्राउन आणि ब्लॅक बेल्टना. गीमध्ये तर कुठल्याच पट्ट्याला नाही.

आणि ग्रिप ज्या क्षणी तुटते तो क्षण जपा. इतका वेळ लावलेला जोर एकदम टाचेवर जातो. हील हुकमध्ये दुखायला लागेपर्यंत लिगामेंटला इजा झालेलीही असू शकते. सरावात पकड बसली की थांबायचं आणि सोडून द्यायचं, पिळायचं नाही.

निळा_पट्टा:
धन्यवाद मंडळी. स्पर्धेचा विचार नाही, क्लासपुरतंच. @पायचीत, एक हात दुसऱ्या पायात अडकवला तर टाचेसाठी एकच उरतो ना?

पायचीत:
तो पडेपर्यंतच अडकवायचा. एकदा कुशीवर गेला की वजन त्याच्याच दुसऱ्या पायावर येतं, मग हात काढून घ्या. आणि पडल्यावरही त्याने दोन्ही हातांनी मनगट धरून ठेवलं तर हील हुकचा हट्ट सोडा. दुसऱ्या पायाला टो होल्ड (पायाचा पंजा धरून पिळायचा डाव) मिळतो का बघा. पाठ देऊन पळत असेल तर पाठ घ्या, म्हणजे मागून पकडा.

२०१९ च्या एडीसीसीमधल्या (नो-गीची मोठी स्पर्धा) लॅकलन जाइल्सच्या ॲब्सोल्यूटच्या, म्हणजे वजनाची अट नसलेल्या खुल्या गटातल्या, लढती पाहा. ७७ किलो गटातला हा माणूस, त्याने केनन दुआर्ते, पॅट्रिक गाउदिओ आणि महामेद अली अशा धिप्पाड खेळाडूंना हील हुकने हरवून ब्राँझ घेतलं. बघताना नजर हातांवर नको, कंबरेवर ठेवा.

मनगटवाला:
सरावासाठी जोडीदाराला सॅडलमध्ये आधीच मनगट धरून बसवा आणि तिथूनच सुरू करा. त्याचा गुडघा सुटला की तो जिंकला, तुमचा हात टाचेखाली बसला की तुम्ही. मग जागा बदला. बचाव करताना कुठे फावतं ते तुम्हालाही कळेल.