महाकोटातल्या वस्तीला काय म्हणायचं? मोहल्ला, पेठ की पुरा?

देवगिरी-दौलताबादवर थोडं लिहितोय. महाकोटाच्या, म्हणजे किल्ल्याच्या मोठ्या तटाच्या, आत खोदकामात गल्ल्या, बोळ, घरांची जोती असा जो भाग मोकळा झालाय त्याला मी 'मध्ययुगीन निवासी विभाग' म्हटलंय, पण वाचताना म्हाडाची स्कीम वाटते 😅 मोहल्ला चालेल का?

—

मोहल्ला म्हटलं की तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी हलवली तिथूनच गोष्ट सुरू झाल्यासारखं वाटतं, आणि यादवांच्या वेळची माणसं काय हवेत राहत होती? पेठ लिहा.

—

पेठ नको हो, पेठ म्हणजे बाजार आलाच. पुरा म्हणाल तर तो कुणीतरी बड्या माणसाने वसवलेला किंवा त्याच्या नावाचा, आपल्या औरंगाबादचे बेगमपुरा, जयसिंगपुरा बघा ना. आळी बहुतेक एका धंद्याची, तांबट आळीसारखी. नुसतं घरांच्या जोत्यांवरून यातलं काहीच ठरत नाही.

—

इब्न बतूता चौदाव्या शतकात इथे येऊन गेला, तो शहराचे तीन भाग सांगतो, दौलताबाद, कतका आणि वरचा किल्ला दुवैगीर. कतका म्हणजे आपलं कटक! आपण कटक म्हणजे फक्त फौज समजतो पण संस्कृतात छावणी, राजधानी असेही अर्थ आहेत. आणि गाणाऱ्या-बजावणाऱ्यांच्या बाजाराचं नाव तो तरबाबाद देतो, तरब म्हणजे आनंद. काय झकास नाव आहे. पण म्हणून आज दिसणाऱ्या कुठल्याही चौथऱ्याला तरबाबाद म्हणून मोकळं होऊ नका, गाईड लोक करतील ते काम.

—

आणि 'पांढर'? गावाची काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, घरं पडून राख-माती मिसळून जी पांढुरकी जमीन होते ती.

—

शब्द भारी आहे पण पांढर म्हटलं की डोळ्यासमोर खेड्याबाहेरचं टेकाड येतं, इथे तटाच्या आत चिरेबंदी काम आहे. मुळात कोट म्हणजे तट, पण 'महाकोटात' म्हणतो तेव्हा आतली जागाही आलीच की, मग साधं 'महाकोटातली वस्ती' लिहा.

—

पटलं, वस्तीच ठेवतो. 'अवशेष' काढून सरळ 'घरांची जोती' केलंय. आता संपादक म्हणतायत जोती लोकांना कळणार नाही, प्लिंथ लिहा 🤦

—

जोतं कळत नाही? मग पायरी कुठून चढतात म्हणावं.