नववीच्या वर्गात मुलांना मोबाइल आणू द्यावा का?

खडूफळा
माध्यमिक शाळा, निमशहरी भाग, नववी, पट ५२. विज्ञान-गणिताच्या तासाला मुलांनी मोबाइल आणावा अशी सूचना शिक्षक सभेत आली आहे. हेतू दोन: ‘ध्वनीचा अभ्यास’ या धड्याला जोडून प्रयोग, आणि तास संपताना चार-पाच बहुपर्यायी प्रश्नांची झटपट चाचणी. स्वतःचा फोन निम्म्याच मुलांकडे आहे, वर्गात वायफाय नाही. नुसतं ‘आणू द्या’ किंवा ‘बंदी घाला’ असं उत्तर नको. परवानगी दिली तर नेमकं काय बिघडतं आणि ते कसं निस्तरायचं, हे जाणकारांनी सांगावं.

प्रयोगवही
चाचणीला मुलांचे फोन लागतच नाहीत, तो मुद्दा आधी मिटवू. प्लिकर्स हे अॅप वापरा. प्रत्येकाला एक छापील कार्ड, त्यावर काळं चौकटीदार चिन्ह, प्रत्येकाचं निराळं. चार कडांना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. आपल्या उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं, शिक्षकाने स्वतःचा फोन वर्गावरून फिरवायचा, उत्तरं नोंदली जातात. शेजाऱ्याचं पाहून कार्ड फिरवून उपयोग नाही, कारण चिन्हं वेगळी असतात. नेहमीचा संच ४० कार्डांचा आहे, तुम्हाला ६३ चा मोठा संच लागेल. चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित होऊन चिन्ह वाचलं जात नाही. जाड कार्डशीट पुरे. बोट काळ्या भागावर आलं तरी कार्ड सुटतं, म्हणून कडेला धरायला शिकवा. नावांच्या जागी हजेरी क्रमांक भरा.

प्रयोगाला मात्र फोन हवा, कारण हजारांश सेकंद मोजणारं घड्याळ शाळेच्या प्रयोगशाळेत सहसा नसतं. फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं मोफत अॅप आहे. खातं उघडावं लागत नाही, इंटरनेटशिवाय चालतं. त्यातलं आवाजावर सुरू-बंद होणारं घड्याळ घ्या. दोन फोन टेपने मोजून बरोबर ५ मीटरवर ठेवा. ‘अ’ फोनजवळ टाळी वाजली की दोन्ही घड्याळं सुरू होतात, मग ‘ब’जवळ टाळी वाजली की दोन्ही थांबतात. ‘अ’वर २.४३१ आणि ‘ब’वर २.४०२ सेकंद आले, तर फरक ०.०२९. ‘ब’ घड्याळ उशिरा सुरू होतं आणि ‘अ’ उशिरा थांबतं, म्हणजे आवाजाने ५ मीटर दोनदा कापले: १० भागिले ०.०२९, सुमारे ३४५ मीटर प्रति सेकंद. पुस्तकात २२ अंशांना ३४४ दिलंय.

बिघडतं कुठे? एक, टाळी वाजवणारा दोन फोनच्या मधे उभा राहतो. त्याने दोन्ही फोनच्या रेषेतच, पण फोनच्या बाहेरच्या बाजूला उभं राहायचं, नाहीतर अंतर ५ मीटर उरत नाही. दोन, खोलीत टाळी घुमते आणि तिच्याच प्रतिध्वनीने घड्याळ थांबतं. अॅपमध्ये किमान विलंब ठरवता येतो, तो ०.५ सेकंद करा. तीन, आणि हेच सगळ्यांत जास्त नडतं: शेजारच्या गटाच्या टाळीने तुमचं घड्याळ सुटतं. दहा गट एकाच वेळी बसवलेत तर प्रयोग बोंबलला म्हणून समजा. व्हरांड्यात एका वेळी एकच गट, बाकीचे वर्गात आकडेमोड करत. १ मिलिसेकंदाची चूक इथे साधारण १२ मीटर प्रति सेकंदाचा फरक पाडते, त्यामुळे पाच वाचनांची सरासरी घ्याच. जागा असेल तर १० मीटरवर करा, चूक निम्मी होते.

घंटा_वाजली
म्हणजे वर्गाला दोनच फोन पुरतात! मग ते शाळेचेच असू द्या. मुलांचे पंचवीस फोन म्हणजे पंचवीस किमतींची जबाबदारी. एकाचा काच फुटलेला फोन सकाळी आधीच फुटलेला होता की शाळेने फोन जमा केलेल्या पेटीत फुटला, हा वाद कुठलाच वर्गशिक्षक जिंकत नाही.

अँड्रॉइडमधल्या ‘अॅप पिनिंग’ या सोयीने मुलं एकाच अॅपमध्ये अडकून राहतात असं कोणी सांगेल. अडकतात, पण ती शाळेच्या फोनवर. पिनिंग काढायला स्क्रीन लॉकचा आकडा लागतो, आणि स्वतःच्या फोनचा आकडा मुलाला पाठच असतो.

आई_नववीची
प्रयोगाला हरकत नाही. खरी कटकट शाळा सुटल्यावर सुरू होते. गृहपाठ व्हॉट्सअॅपवर येतो, मग ‘अभ्यास बघतोय’ म्हणून फोन रात्री दहापर्यंत हातात. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ मध्ये संध्याकाळी ७ ला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचं ठरलं. असल्या गावात शाळेने गृहपाठ फोनवर पाठवला तर पालकांनी ऐकायचं कोणाचं? गृहपाठ फळ्यावर लिहा, वहीत उतरवून घ्या.

चौथी_घंटा
सरसकट बंदीवाल्यांसाठी: फ्रान्सने २०१८ मध्ये शाळेत फोनवर कायद्याने बंदी आणली, पण त्याच कायद्यात शिक्षकाने शिकवण्यासाठी केलेल्या वापराला सूट आहे. अपंग विद्यार्थ्यांच्या साधनांनाही. तुमच्या ठरावात ही दुसरी सूट विसरू नका. कमी दिसणाऱ्या मुलाला फळ्याचा फोटो मोठा करून वाचायचा असेल तर त्याने दरवेळी हात वर करून परवानगी मागत बसायची का?

खडूफळा
सगळ्यांचे आभार. मुलांचे फोन नकोत, शाळेचे दोन घेऊ. प्रयोगवही, जुने, बॅटरी उतरलेले अँड्रॉइड चालतील का? स्टाफकडे पडून आहेत.

प्रयोगवही
चालतील. दोन्ही एकाच कंपनीचे असायचीही गरज नाही. प्रत्येक फोन आपलं सुरू आणि बंद स्वतःच मोजतो, त्यामुळे माइकचा उशीर वजाबाकीत जातो. सिम काढा, फॅक्टरी रिसेट करा, अॅप टाकून विमान मोडवर ठेवा. बॅटरी फुगलेली असेल, म्हणजे मागचं झाकण उचललेलं दिसत असेल, तर तो फोन चार्जिंगला लावूच नका. आणि पंखा बंद करून अॅपमधली आवाजाची मर्यादा आधी तपासा: टाळीला घड्याळ सुटलं पाहिजे, बोलण्याला नाही.