‘मिनिमली इन्व्हेजिव्ह’ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरवाली : मेंदू आणि मणक्याच्या उपचारांवरची रुग्णांसाठीची पुस्तिका तपासतेय. ‘मिनिमली इन्व्हेजिव्ह’ला, म्हणजे मोठा छेद न घेता केलेल्या उपचाराला, ‘किमान आक्रमक’ छापलंय. वाचूनच पेशंट पळेल! शिवाय ट्यूमर असो की क्लॉट (रक्ताची गुठळी), सगळीकडे ‘गाठ’च. सुचवा काहीतरी.

पेठकर : आक्रमक फलंदाज असतो हो. ‘अल्पछेद शस्त्रक्रिया’ घ्या, नेमका शब्द आहे.

रानमेवा : नेमका असेल, पण आमच्या आजीला कळायचा नाही. इकडे ‘बिनटाक्याचं’ नाहीतर ‘दुर्बिणीतून ऑपरेशन’ म्हणतात.

कॅथलॅबवाला : ‘दुर्बिणीतून’ सरसकट नको. मणक्याची सरकलेली गादी काढताना किंवा नाकावाटे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ काढताना दुर्बीण असू शकते. मेंदूच्या धमनीतली गुठळी काढताना आत कॅमेरा नसतोच. जांघेतून किंवा मनगटातून कॅथेटर (बारीक लवचीक नळी) वर सरकवायचा, डाय (क्ष-किरणांत दिसणारं द्रव्य) सोडायचा आणि क्ष-किरणांनी पडद्यावर उमटणाऱ्या धमन्या बघत पुढे जायचं. डाय सोडून मेंदूच्या धमन्या बघण्याची ही युक्ती लिस्बनचे डॉक्टर एगास मोनिझ यांची, १९२७ सालची. तेव्हा ती फक्त निदानासाठी होती. म्हणून मी ‘धमनीतून नळी घालून केलेला उपचार’ म्हणेन. लांब आहे, पण खरं आहे.

आणि गाठ-गुठळीचा घोळ आधी निस्तरा. ‘मेंदूत गाठ’ म्हटलं की घरचे दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला निघतात. गुठळीने पक्षाघाताचा झटका आला असेल तर तेवढा वेळ नसतो. २०१५च्या सुमारास आलेल्या चाचण्यांत मोठ्या धमनीतली गुठळी पहिल्या काही तासांत काढली की फायदा होतो हे सिद्ध झालं. २०१८मध्ये ही मुदत निवडक रुग्णांसाठी २४ तासांपर्यंत वाढली. निवड स्कॅनवर होते : मेंदूचा किती भाग मेलाय आणि किती वाचवता येईल. स्कॅन आधी, सल्लामसलत नंतर.

पेठकर : मान्य. मग अ‍ॅन्युरिझमला, म्हणजे धमनीची कमजोर भिंत फुगते त्याला, ‘धमनीविस्फार’?

रानमेवा : सरळ ‘फुगा’ म्हणा की.

कॅथलॅबवाला : पंचाईत आहे. आमच्याकडे फुगा हे अवजारही आहे. मॉस्कोचे डॉक्टर सर्बिनेंको यांनी कॅथेटरच्या टोकाला फुगे लावून उपचार केले, ते १९७०च्या दशकातच. म्हणून आजाराला ‘फुगवटा’, अवजाराला ‘फुगा’. फुगवट्यात भरतात ती प्लॅटिनमच्या तारेची बारीक कॉइल (वेटोळं). डॉक्टर गुग्लिएल्मी यांनी काढलेल्या कॉइलची गंमत अशी, की ती जागेवर बसली की हलका विद्युतप्रवाह सोडायचा. जोड विरघळतो आणि कॉइल सुटी होते. याला ‘कॉइल भरणं’ पुरे.

रानमेवा : आणि मणक्यात सिमेंट? शेजारच्या काकूंना वाटलं, बांधकामाचंच!

कॅथलॅबवाला : ‘हाडाचं सिमेंट’ लिहा. ते एक प्रकारचं अ‍ॅक्रिलिक असतं, सुईने पिचलेल्या मणक्यात भरतात. आणि ‘मणक्यात गॅप’ मात्र पुस्तिकेत घेऊ नका. गादी झिजली की गॅप पडत नाही, होती ती कमी होते.

भाषांतरवाली : ‘किमान आक्रमक’ कटाप. मथळ्यात ‘छोट्या छिद्रातून उपचार’, आत जिथे जे असेल ते : दुर्बीण, नळी किंवा सुई. ‘थ्रॉम्बेक्टॉमी’ला ‘गुठळी ओढून काढणं’ चालेल?

कॅथलॅबवाला : स्टेंटच्या जाळीत अडकवून काढली तर ‘ओढून’. पण पंप लावून काढतात तेव्हा ती ‘शोषून’ येते. दोन्ही लिहा.